उठवणारा कोण?

घरी आपण स्वतःहून उठतो असं आपल्याला वाटत असतं. साफ खोटं. घरी आपल्याला अख्खं घर उठवत असतं. दूधवाल्याची बेल, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, बाथरूममध्ये भरणारी बादली, बाबांचा खोकला. एवढ्यावर नाहीच भागलं, तर येता जाता पंखा बंद करणारी आई. (पंखा बंद करणं हा जगातला सगळ्यात खात्रीचा गजर आहे. यावर वाद नको.)

कामासाठी बाहेरगावी गेलं की हे सगळं बंद. हॉटेलच्या खोलीत पैसे मोजून शांतता मिळते. जाड पडदे, घट्ट काचा, एसीची एकसुरी घरघर. आपल्या मेंदूतलं घड्याळ रोज सकाळी उजेड बघून स्वतःला जुळवून घेतं, आणि तोच उजेड पडद्यांनी बाहेर अडवलेला. त्यात सकाळी सहाचं विमान. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे साडेचारला टॅक्सीत बसलेलं बरं. मग रात्री दोनला दचकून घड्याळ बघायचं, तीनला परत बघायचं, असं चालू होतं.

हा वेंधळेपणा नव्हे बरं का, याला शास्त्र आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो पहारा देतो, बारीक आवाजालाही सावध होतो. आता आमचे दौरे बहुतेक एका रात्रीचे. म्हणजे दर वेळी पहिलीच रात्र! दुसरा प्रयोग १९९९ चा, जर्मनीतल्या ल्युबेकचा. 'तुम्हाला सहाला उठवणार' असं सांगून झोपवलेल्या लोकांच्या शरीरात जागं व्हायच्या तयारीचं एक हार्मोन तासभर आधीपासूनच वाढायला लागलं. 'नऊला उठवू' असं सांगून सहालाच उठवलेल्यांच्यात तसं काही झालं नाही. थोडक्यात, उठायची वेळ डोक्यात घेऊन झोपलं की शरीरही गजर लावतं. पण त्या गजरावर विमान सोडायची माझी तयारी नाही.

आमच्या टीममधला एक जण मोबाइलवर ४:००, ४:०५, ४:१० असे सहा गजर लावतो आणि याला बॅकअप म्हणतो. अरे बाबा, एकाच सर्व्हरवर सहा कॉपी ठेवल्या तर त्याला बॅकअप म्हणतात का? बऱ्याच हॉटेलांत पलंगाशेजारी एक मास्टर स्विच असतो. झोपताना तो दाबला की कधी कधी दिव्यांबरोबर चार्जरचा प्लगही बंद होतो. सकाळपर्यंत मोबाइल गेला, की सहाही गजर एकदम गेले. म्हणून माझा नियम असा: एक गजर मोबाइलवर, दुसरा सेलच्या छोट्या घड्याळावर, आणि ते घड्याळ हात पोचणार नाही अशा टेबलावर. परदेशात असेन तर आधी हिशोबही करतो. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे सकाळी साडेसहाला उठायचं म्हणजे माझ्या पुणेरी शरीराला पहाटे चारला उठायचं. वर त्या वेळी तिथे बाहेर अंधारच असतो. मग आदल्या रात्री लवकर आडवं होण्याला पर्याय नाही.

तिसरी व्यवस्था रिसेप्शनच्या फोनची. तिचा अनुभव दोन्ही प्रकारचा आहे. एका मोठ्या हॉटेलात फोन आलाच नाही. रात्री शिफ्ट बदलली आणि माझी चिठ्ठी जुन्या शिफ्टबरोबर गेली. हॅंडओव्हर नीट झाला नाही की काय होतं, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको. घड्याळानं तारलं.

दुसरा अनुभव नागपूरचा. साधंच हॉटेल, काउंटरवर जाडजूड वही, तिच्यात माझ्या खोलीचा नंबर आणि '४ वाजता' असं पेननं लिहिलेलं. बरोबर चारला फोन वाजला. मी "हो हो, उठलो" म्हणून ठेवला. पाच मिनिटांत परत फोन. "सर, उठले नं? लाइट लावला का जी?"

मला एकदम यूडीपी आणि टीसीपी आठवलं. मोबाइल वाजतो आणि त्याचं काम संपतं, तुम्ही उठा नाहीतर मरा. हा मुलगा पोच मिळाल्याशिवाय सोडत नव्हता. खाली आल्यावर विचारलं, तर म्हणाला, रात्री दहाला येतो, सकाळी सातला सुटतो. त्या रात्री वहीत उठवायच्या पाच खोल्या होत्या. पाच माणसं निवांत झोपावीत म्हणून तो एकटा जागा होता.

गिरणगावात एकेकाळी भोंग्यावर चाळीच्या चाळी उठायच्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करत बंद पडल्या, त्यांच्याबरोबर भोंगेही गेले. त्याआधीपासून गावोगाव पहाटे वासुदेव यायचा. उठवणं हे असं दुसऱ्या कुणीतरी करायचं काम होतं. आपण ते खिशातल्या यंत्राकडे दिलं आणि रात्रभर त्या यंत्रावर पहारा करत बसलो. मला तरी, वहीत कुणीतरी आपला नंबर लिहून घेतलाय हे माहीत असलं, की दोनला आणि तीनला जाग येत नाही. त्या नागपूरच्या रात्री आली नव्हती.

असो. सोमवारपासून ऑन-कॉल माझ्याकडे आहे. रात्री तीनला सिस्टीम बसली तर फोन मला येणार, बाकी टीम झोपणार. गेल्या वेळपर्यंत मी या आठवड्याला शिव्या घालत असे. या वेळी जरा कमी घालीन म्हणतो.