तबला कोणाचा?

माटुंगा म्हटले, की मुंबईकराला गजरे, केळीची पाने आणि वाफाळती इडली आठवते. मला मात्र या वस्तीची ओळख पटते ती कानाने. षण्मुखानंद सभागृह इथलेच. १९६३ साली उघडलेले, १९९० साली आगीत होरपळलेले आणि १९९८ साली पुन्हा सुरांनी भरलेले. किंग्ज सर्कलहून दक्षिणेला निघालात, की लागते वडाळा. तिथे १९३५ पासून वीसएक वर्षे ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्यांचा कारखाना होता.

लाखेची ती काळी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तीन-सव्वातीन मिनिटांत बाजू संपे. तेवढ्यात आलाप, अंतरा, ताना साऱ्यांनी दाटीवाटीने बसायचे, आपल्या चाळीतल्या पाहुण्यांसारखे! मधल्या कागदावर गायकाचे नाव ठळक. तबलजी आणि पेटीवाले बहुधा निनावीच.

आमच्या कॉलेजातला, पाठीवर गिटार अडकवून हिंडणारा एक विद्यार्थी घरी आला असता मी त्याला अशीच एक तबकडी ऐकवली. गाण्याचे कौतुक राहिले बाजूलाच. तो म्हणाला, “सर, तबला कोणाचा?” कागदावर ते छापलेलेच नव्हते.

त्याला हा प्रश्न पडावा, हे साहजिकच. त्याच्या जगात ‘बँड’ असतो. तिथे साथीदार हा शब्दच नाही. १९८४ साली याच मुंबईत ‘रॉक मशीन’ उभा राहिला. पुढे ‘इंडस क्रीड’ झाला, पांगला, आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ घेऊन परतला. त्यातले जुनेजाणते गिटारवादक महेश तिनईकर हे गायकाचे साथीदार नव्हते, बरोबरीचे भागीदार होते. आता तर तबकड्याही परतल्या आहेत. २०२४ साली नवी मुंबईत व्हायनिल छापण्याचा कारखाना सुरू झाला.

इकडे माटुंग्यातल्या जुन्या इमारती मात्र एकेक करून पडताहेत. माळे रिकामे होतात आणि आजोबांच्या तबकड्या किलोच्या भावाने जातात. तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीच्या साफसफाईत एखादी हाती लागली, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी कोणाच्या तरी ग्रामोफोनवर ती एकदा लावा. गायकाला दाद द्यालच. पण त्याच्यामागे मुकाट्याने ठेका धरून बसलेल्या त्या माणसाकडेही थोडा कान द्या. त्याचे नाव कुठेच उरलेले नाही. हात तेवढा त्या लाखेत उरला आहे.