पाटीवरचे उरलेले चाळीस टक्के

माझी मम्मी गेली सहा वर्षं बेळगावात घरातूनच केक विकते. नाताळात नेवऱ्या, कलकल आणि दोदोल, एरवी वाढदिवसाचे केक. पाटी नाही, जाहिरात नाही. यंदा गल्लीच्या तोंडाशी एक छोटा गाळा भाड्यानं मिळाला आणि ती म्हणाली, "आता रीतसर करायचं. परवाना काढायचा." साहित्य शिकणारी मुलगी घरात असली की अर्ज तिनंच भरायचे, हे ठरलेलं असतं.

मला वाटलं होतं, परवाना म्हणजे एक कागद. तसं नव्हतं. व्यवसाय परवाना महापालिकेचा, 1976 च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याखालचा, दरवर्षी नव्यानं करायचा. खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयची नोंदणी वेगळी. वीज हेस्कॉमची, पण तिचा दर हेस्कॉमही ठरवत नाही आणि महापालिकाही नाही. तो राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. आतापर्यंत ओव्हन घरच्या मीटरवर चालायचा. दुकान म्हटलं की मीटर व्यापारी आणि नळाचा दरही घरगुती नाही. मम्मीनं वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली आणि म्हणाली, "परवान्याची फी वर्षातून एकदा भरायची. मीटर रोज फिरतोय की!"

खरं सांगू? यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आपल्या महापालिकेत 58 नगरसेवक आहेत. 2021 मध्ये इथली निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर झाली. त्याआधी मराठी, कन्नड, उर्दू असे गट असायचे. त्यामुळे घरात निवडणुकीची चर्चा म्हणजे भाषेची चर्चा, हेच ऐकत मी मोठी झाले. राकसकोप आणि हिडकलचं पाणी आपल्यापर्यंत कसं येतं, 2008 मध्ये शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं तेव्हा बाकीच्यांना का नाही मिळालं, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही. मम्मी मात्र पाण्याच्या वेळेवर पीठ भिजवत आली.

मग पाटीचा प्रश्न आला. 2024 च्या कायद्यानं कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं. आमची पाटी जेमतेम चार फुटांची. उरलेल्या चाळीस टक्क्यांत काय लिहायचं? भाऊ म्हणाला, "इंग्रजी. कॅम्पातलं गिऱ्हाईक तेच वाचतं." मी भडकले. दुकानाला आज्जीचं नाव द्यायचं आणि ते आज्जीच्या भाषेत नको? मी कायद्यावरही तोंडसुख घेतलं. आपल्या दुकानावर आपण काय लिहायचं ते दुसऱ्यांनी मोजून का सांगावं?

मम्मीचं माहेर सावंतवाडीचं. तिनं शांतपणे विचारलं, "मामाच्या दुकानावर मराठी पाटी लागली तेव्हा तू काय म्हणालेलीस?"

मला आठवलं. महाराष्ट्रानं 2022 मध्ये दुकानांच्या पाट्या मराठीत असणं सक्तीचं केलं, मराठी अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नकोत असं सांगितलं, तेव्हा मी मामाला फोन करून म्हणाले होते, "बरं झालं!" तिथल्या एखाद्या कन्नड हॉटेलवाल्याला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

मी गप्प बसले. साठ टक्क्यांचा राग गेला असं नाही. तो आजही आहे. पण आता तो सीमेच्या दोन्ही बाजूंना लागू करावा लागतो, आणि मग त्याची धार आधीसारखी राहत नाही.

कन्नडमध्ये नाव मीच लिहून काढलं. शाळेत इतकी वर्षं कन्नड शिकले, पण मार्कांसाठी. त्या अक्षरांत घरचं काही कधी लिहिलं नव्हतं. शेजारच्या कन्नड काकूंना दाखवलं तर त्यांनी एक चूक काढली आणि कागदावर नाव पुन्हा लिहून दिलं. मम्मीला कन्नड वाचता येत नाही. त्या दिवसापासून ती तो कागद फ्रिजवर लावून रोज रात्री ते नाव गिरवते. "माझ्या दुकानाची पाटी मला वाचता यायला नको?" म्हणते.

पाटी रंगवायला दिलीय. वर मोठं कन्नड, खाली मराठी. इंग्रजीला जागाच उरली नाही, म्हणून कोपऱ्यात केकचं चित्र. भाऊ कुरकुरला तेव्हा मम्मी म्हणाली, "वाचता येत नाही त्यालाही भूक लागतेय की."

परवान्याचा अर्ज दिलाय. वॉर्डातल्या नगरसेवकांना भेटायला आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. मी प्रश्न लिहून काढलेत. भाषेचा एकच आहे, तो शेवटी विचारेन. पहिला पाण्याचा आहे.