वास लपवायचा की घालवायचा?

पालक सभा संपल्यावर मी तिसरीतल्या एका मुलीच्या आईला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "वहिनी, राग मानू नका, पण हिच्या कपड्यांना माशांचा वास येतो. बाकीची मुलं बोलतात. जरा स्वच्छ करून पाठवत जा." ती मान हलवून गेली. मला वाटलं, मी शिक्षिका म्हणून माझं काम केलं.

आमची शाळा मालवण किनाऱ्यावरची. वारा फिरला की वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा वास थेट वर्गात येतो. वर्गातली बरीच मुलं मच्छीमार घरांतली. या मुलीचे वडील होडीवर जातात. आई सकाळी लिलावात मासे घेते आणि बाजारात बसून विकते. घर लहान. टोपल्या, जाळी आणि शाळेचा गणवेश एकाच खोलीत. हे मला माहीत होतं. तरीही मी "स्वच्छ करून पाठवा" असं म्हटलं, म्हणजे ती मुलगी अस्वच्छ आहे असं मी गृहीत धरलं होतं. खरं तर ती रोज आंघोळ करून, वेणी घालून, धुतलेला गणवेश घालून येत होती.

पुढच्या आठवड्यापासून ती वर्गात आली की आधी तिचा सुगंध यायचा. बॉडी स्प्रे, वर पावडर, कपड्यांनाही कसला तरी फुलांचा वास. मुलं बोलायची थांबली. मी खूश झाले. ती मात्र खोकायला लागली. डिसेंबरची थंडी आहे, सर्दी असेल, असं मी धरून चालले.

जानेवारीत शाळेला भेट देण्यासाठी अधिकारी येणार होते. मी स्वतःच्या पैशाने रूम फ्रेशनरचा एक कॅन आणला. सुक्या मासळीचा वास आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि वर्गाच्या चारही कोपऱ्यांत फवारा मारला. फरशी आधीच वासाच्या फिनेलने पुसलेली होती. दहा मिनिटांत ती मुलगी खोकायला लागली आणि तो खोकला थांबेना. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, खांदे वर उचलले जात होते. तिला व्हरांड्यात आणून ताठ बसवलं, आईला फोन केला आणि रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. तिथे वाफेतून औषध दिल्यावर ती सावरली.

डॉक्टरांनी सांगितलं ते नीट समजून घ्यायला हवं. सुगंधामुळे तिला दमा झाला, असं ते म्हणाले नाहीत. तिला बालदम्याची प्रवृत्ती होतीच. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा यांच्यासारखाच उग्र वाससुद्धा अशा मुलांच्या श्वासनलिका आकसायला निमित्त होतो. मग त्यांनी घरात काय काय वापरता ते विचारलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमीच सांगितल्यात ना, वास येता म्हणान? मगे मी तो फवारो हाडलंय. दोनदा मारतंय. एकदा कपड्यार, एकदा अंगार."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे मला जास्तच लागलं.

घरी येऊन मी आमच्याच न्हाणीघरातल्या आणि कपाटातल्या वस्तू टेबलावर मांडल्या. साबण, शाम्पू, पावडर, क्रीम, कपड्यांची पावडर, फरशीचं द्रावण, अगरबत्ती, डासांची कॉइल. अकरा वस्तू निघाल्या आणि त्यातली एकही बिनवासाची नव्हती. साबण-शाम्पूवर घटकांची यादी असते. तेल, क्षार, रंग यांची नावं असतात, पण सुगंधापाशी बहुतेक वेळा 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' एवढा एकच शब्द. हा एक पदार्थ नसतो. त्या शब्दाखाली दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त रसायनांचं मिश्रण असू शकतं. फरशीच्या द्रावणावर आणि फ्रेशनरवर तर मला घटकांची पूर्ण यादीच मिळाली नाही. म्हणजे एखाद्या मुलाला त्रास झाला तर नेमका कशाने झाला, हे पालकांना कळायला मार्ग नाही.

युरोपात 2005 पासून सौंदर्यप्रसाधनांमधले 26 सुगंधी पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असले तर त्यांची नावं वेष्टनावर द्यावी लागतात, कारण त्यांची ॲलर्जी होऊ शकते. 2023 मध्ये ही यादी वाढवून 80 च्या आसपास नेली. लिलिअल नावाचा एक सुगंधी पदार्थ वर्षानुवर्षं शाम्पू-क्रीममध्ये वापरला जायचा. प्रजननक्षमतेला धोका असल्याचं ठरल्यावर मार्च 2022 पासून तिथे त्याच्यावर बंदी आली. हे सगळं घाबरवण्यासाठी सांगत नाही. 'बाजारात मिळतं म्हणजे चालतंच' असं धरून चालू नये, एवढंच.

इथे एक शंका लगेच येते. कृत्रिम वाईट आणि नैसर्गिक चांगलं, असं आहे का? तसंही नाही. त्या 26 नावांत लिमोनिन, लिनालूल, सिट्रल आहेत, आणि हे पदार्थ लिंबाच्या सालीत, फुलांत, गवती चहातही असतात. अगरबत्ती 'शुद्ध चंदनाची' असली तरी धूर तो धूरच. मार्चमध्ये आमच्या मुली सुरंगीचे वळेसार घेऊन येतात. या मुलीने माळला तेव्हा मी दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होते. तिला काही झालं नाही. दुसऱ्या एखाद्या मुलाला होऊ शकतं. फरक एवढाच की सुरंगीला त्रास झाला तर वळेसार काढून बाहेर ठेवता येतो. अंगावर, कपड्यांवर, फरशीवर आणि हवेत एकाच वेळी असलेला वास काढून ठेवता येत नाही.

त्यात नाकाचा एक स्वभाव आहे. कुठल्याही वासाची त्याला थोड्याच मिनिटांत सवय होते. म्हणून लावणाऱ्याला वाटतं वास उडाला आणि तो पुन्हा मारतो. शेजारी बसलेल्याला मात्र दुप्पट येतो. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो. वर्गात आम्ही एका मिनिटातले श्वास मोजले. माझे पंधरा भरले, मुलांचे वीसच्या पुढे. वजनाच्या मानाने मुलं आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्या हवेत जे असेल तेही.

हे सगळं मुलांना सांगायचं कसं? भाषण देण्यापेक्षा एक प्रयोग केला. तुम्हालाही सहज करता येईल.

बांगडे धुतलेल्या पाण्यात सुती कापडाचे तीन सारखे तुकडे बुडवून पिळले. पहिल्यावर सेंटचे चार थेंब टाकले. दुसरा साध्या पाण्याने धुतला. तिसरा कोकमाच्या आगळाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग साध्या पाण्याने धुतला. तिन्ही तुकडे वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत ठेवले. प्रयोग व्हरांड्यात, वाऱ्यावर केला. सेंटचा डबा त्या मुलीपासून लांब ठेवला आणि कोकमाचं काम तिच्याकडे दिलं. दम्याचं मूल वर्गात असेल तर सेंटऐवजी नुसती चर्चा केली तरी चालेल.

अर्ध्या तासाने डबे उघडले. पहिल्या डब्यापाशी एक मुलगा ओरडला, "बाई, सेंटाचो पण येता आणि बांगड्याचो पण येता!" दुसऱ्यात वास कमी, पण होता. तिसऱ्यात जवळजवळ नाहीच. ती मुलगी म्हणाली, "माझी आजी असाच करता. कोकमान हात चोळता."

आजीच्या या कृतीमागे चांगलं रसायनशास्त्र आहे. समुद्री मासा मेल्यावर जिवाणूंमुळे त्याच्यात ट्रायमिथाइलअमाइन नावाचा पदार्थ तयार होतो. माशाचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच. तो आम्लारी आहे आणि सहज हवेत उडतो, म्हणून नाकापर्यंत पोचतो. आंबट पदार्थातल्या आम्लाशी त्याचा संयोग झाला की क्षार बनतो. क्षार उडत नाही, पाण्याबरोबर धुऊन जातो. सेंट यातलं काहीच करत नाही, तो माशाच्या वासावर आपला वास चढवतो. रूम फ्रेशनरसुद्धा हवा साफ करत नाही, हवेत आणखी काहीतरी घालतो. मुलांच्या वहीत आम्ही दोन शब्द लिहिले: वास लपवणे आणि वास घालवणे.

त्या दिवशी शाळा सुटताना आई मुलीला न्यायला आली तेव्हा तिला तुकडे दाखवले. तिने तिसरा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि माझी चूक काढली. "कपड्याक कोकम लावू नकात बाई, डाग पडतलो. लिंबू घेवा." पांढऱ्या कापडावर खरंच लालसर डाग पडला होता. हातांना आणि भांड्यांना कोकम, कपड्यांना लिंबू किंवा थोडं व्हिनेगर, असं आमचं ठरलं. एक खबरदारी मात्र सगळ्यांनी घ्या: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावणात लिंबू, व्हिनेगर असलं काही आंबट कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फार घातक असतो.

मग मी तिची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "माशारच तर घर चलता आमचा."

तिच्या घरी खरा उपयोग झाला तो एका पत्र्याच्या डब्याचा. धुऊन वाळलेला गणवेश आता टोपल्यांशेजारी खुंटीवर न टांगता घट्ट झाकणाच्या डब्यात राहतो आणि सकाळीच बाहेर निघतो. बॉडी स्प्रे बंद झाला. कपड्यांची पावडर निम्मी झाली आणि पाण्यातून एकदा जास्त खळबळणं आलं. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर चालूच आहे. हे मुद्दाम सांगते, कारण वास टाळणं हा औषधाला पर्याय नाही. मुलगी बरी दिसते म्हणून इनहेलर परस्पर बंद करू नये.

शाळेत आम्ही फ्रेशनर बंद केला. फरशी साध्या पाण्याने आणि थोड्या साबणाने पुसतो. स्वच्छतागृहाची सफाई शाळा सुटल्यावर, दारं-खिडक्या उघड्या ठेवून होते. सरस्वती पूजनाची अगरबत्ती व्हरांड्यात लावतो. मी स्वतः शाळेच्या दिवशी सेंट आणि पावडर लावत नाही. हे मला जड गेलं. पहिले काही दिवस आपण अपुरे तयार होऊन आलोय, असं वाटत राहायचं.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात गणवेश तीन-तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो. तो ओलीत वाढणाऱ्या जिवाणू-बुरशीचा वास असतो. त्यावर सुगंधी कंडिशनर ओतला तर बुरशी तिथेच राहते, आणि दम्याला बुरशीही वाईटच. कपडा गरम पाण्यात पुन्हा धुवायचा, पंख्याखाली पसरून वाळवायचा, वर इस्त्री फिरवायची. चतुर्थीला घरं माणसांनी भरतात, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, आत धूप, अगरबत्ती आणि पाहुण्यांचे स्प्रे. अशा वेळी एक खिडकी उघडी ठेवणं आणि दम्याच्या मुलाला त्या खोलीत न झोपवणं एवढं जमतं. खरेदी करताना आणखी एक लक्षात ठेवा: 'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' शोधा आणि तरीही मागची यादी वाचा.

मुलांचं चिडवणं पूर्ण थांबलं का? नाही. पण परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही 'माझ्या घराचा वास' असं एक पान लिहिलं. कोणाच्या घरी गोठ्याचा, कोणाच्या काजू भाजल्याचा, कोणाच्या गाडीदुरुस्तीच्या ऑइलचा. एकाने लिहिलं, आमच्या घराला वासच नाही. बाकीच्यांनी त्याला सांगितलं, आसा, तुका येवचो नाय. त्यानंतर कोणी तिला बोललंच, तर ती "तुझ्या घराचो काय?" असं विचारते.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी शिक्षकांनी एकदा वर्गाचं कपाट उघडून आत काय काय फवारायचं ठेवलंय ते पाहावं. प्रवेशाच्या वेळी मुलाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, हे पालकांना विचारून हजेरीच्या वहीत नोंदवावं. पालकांनीही ते न विचारता सांगावं. आणि एखाद्या आईला "वास येतो" असं सांगायची वेळ आली, तर आधी तिला विचारावं, गणवेश घरात कुठे टांगता? मी तेवढं विचारलं असतं, तर पत्र्याचा डबा दोन महिने आधीच सापडला असता.