बाकी तीन रुपये

नवं इंजिन घरी आलं की मी आधी काडेपेटी शोधतो. गॅसला लायटर आल्यापासून घरात काडेपेटी उरली आहे ती फक्त देवघरात, उदबत्तीच्या पुड्यामागे. ती उचलली की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "आलं वाटतं आणखी एक!" मी उत्तर देत नाही. दिवाणावरच्या प्लायवूडवर रूळ मांडलेलेच असतात. एका टोकाला सपाट, उघडी वाघीण उभी करतो, तिच्यावर काडेपेटी उभी ठेवतो आणि दुसऱ्या टोकाकडून नवं इंजिन हळूहळू सोडतो. इंजिनाने यायचं, वाघिणीला टेकायचं, कपलर अडकवायचा आणि थांबायचं. काडेपेटी पडली नाही तर इंजिन पास.

ही परीक्षा माझी नाही, आबांची आहे.

आबा कल्याणला आमच्या शेजारी राहायचे. विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. कानात कायम चमकणारी भिकबाळी आणि नखांत कायम ग्रीस. आमच्या गॅलरीतून यार्ड दिसायचं आणि यार्डात असायचा खेकडा. लांब नाक पुढे, तसंच नाक मागे, मध्ये बसकी केबिन आणि चाकांना जोडणारे आडवे दांडे. 1928-29च्या सुमारास घाटात मालगाड्या ओढायला ही इंजिनं परदेशातून आणली. कागदोपत्री नाव डब्ल्यूसीजी-1. पण ती उभी असताना पोटातून एक घुमणारा, कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि चालताना अंग असं हलायचं की आमच्याकडे सगळे खेकडाच म्हणायचे. मी पाहिले ते खेकडे म्हातारे होते. घाट सुटला होता, यार्डात डबे इकडचे तिकडे करण्यापुरते उरले होते. आबा त्यांच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं बोलायचे. "आज चारचा खेकडा कुरकुरतोय," म्हणायचे. खेकडे माझ्या कानाला सगळे सारखेच वाटायचे.

1984 साली माझा बोटीवरचा मामा इंग्लंडहून हॉर्नबीचा आगगाडीचा संच घेऊन आला. गोल रूळ, छोटं काळं इंजिन, दोन वाघिणी. मी बारा वर्षांचा. पहिले आठ दिवस मी शाळेत नुसता हजर होतो. नवव्या दिवशी वाटलं की गाडी आणखी जोरात पळावी. मोटर बारा व्होल्टची. मी एका जुन्या रेडिओचा, जास्त व्होल्टचा डीसी पुरवठा लावला. इंजिन अर्धी फेरी विमानासारखं गेलं, मग धूर, मग जळक्या वार्निशचा वास. आईला कळायच्या आत ते फडक्यात गुंडाळून आबांकडे पळालो.

आबांनी ओरडाआरडा केला नाही. चष्मा लावला, इंजिन उघडलं, आर्मेचर काढलं. तीन दातांचं, बोराएवढं. "घाटातल्या मोटरचं पिल्लू आहे हे," म्हणाले. एका दातावरची जळकी वायर त्यांनी वेढा-वेढा करून उलगडली आणि मला मोजायला बसवलं. मी पाटीवर पाच-पाचच्या रेघा मारत होतो. मोजणी चुकली असं मला स्वतःलाच वाटलं तेव्हा म्हणाले, "मग दुसरा दात उलगडू. तिथं नीट मोज." दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातून तेवढ्याच जाडीची एनॅमल वायर आली. दोन संध्याकाळी ते बोटांनी वेढे घालत बसले. शेडमध्ये माणसाएवढी आर्मेचरं उचलायला क्रेन लागते. तोच माणूस इथे चिमट्याने श्वास रोखून काम करत होता.

इंजिन चाललं, पण उलटं. पुढची कळ फिरवली की मागे जायचं. मी रडकुंडीला आलो. आबा हसत सुटले. वेढे उलट दिशेने पडले होते. त्यांनी मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि प्रश्न मिटला. पैसे विचारले तर खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: आर्मेचर वायर ३ रु. बाकी. "नोकरी लागली की दे."

नोकरी लागली, आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल तर खेकडा करायला घेतला. 1993चं साल. तयार मॉडेल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मामाने जुन्या बाजारातून दोन छोट्या इंजिनांचे सांगाडे आणून दिले, प्रत्येकी सहा चाकांचे, दांड्यांसकट. ते पाठीला पाठ लावून जोडले, वर पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांचं वीतभर शरीर बसवलं. 1:87 या प्रमाणात, ज्याला छंदातले लोक एचओ म्हणतात. गॅलरीतून आणि शेडमधून काढलेले फोटो समोर ठेवून एकेक रिव्हेट सुईने उठवला. चार महिने गेले. मग मोठ्या अभिमानाने आबांच्या पुढ्यात ठेवलं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. बैठक जमिनीवर होती. ते आडवे झाले आणि डोळा रुळाच्या पातळीला आणून समोरून पाहू लागले. मग म्हणाले, "तोंड बरोबर आहे. पण पाय जवळ आलेत."

"म्हणजे?"

"आपला खेकडा रुळावर मांडी घालून बसतो. हा पाय जुळवून उभा आहे."

त्यांनी स्टीलची पट्टी मागितली. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. मग दुधाच्या बिलाच्या मागे भागाकार मांडला. आपल्या ब्रॉड गेजची रुंदी साडेपाच फूट, म्हणजे 1676 मिलिमीटर; भागिले 87. उत्तर आलं 19.26. "पावणेतीन मिलिमीटर कुणी खाल्ले?"

मी म्हणालो, "हे रूळ युरोपच्या 1435 मिलिमीटरच्या मापाचे आहेत आबा. 1435 भागिले 87, बरोबर साडेसोळा." ते गप्प. म्हटलं, "आणि इंग्लंडवाले तर त्याहून चमत्कारिक. त्यांची खरी इंजिनं अंगाने बारीक, बोगदे आणि पूल लहान म्हणून. त्या काळच्या मोटरी त्या शरीरात मावेनात. मग त्यांनी शरीर 1:76 इतकं मोठं केलं आणि रूळ तेच साडेसोळाचे ठेवले. तेव्हा त्यांचीही इंजिनं अरुंद रुळावर उभी आहेत."

आबांचा चेहरा खुलला. "म्हणजे साहेबानं पण अ‍ॅडजस्ट केलंय!" आणि लगेच गंभीर होऊन, "पण तुला माहीत होतं ना? मग आधी सांगायचं. दोष माहीत असून लपवला की मॉडेल खोटं होतं. दोष सांगून दाखवलं की मॉडेल."

आजही भारतीय इंजिनांची जी तयार एचओ मॉडेलं मिळतात, त्यांचं शरीर 1:87चं आणि पाय साडेसोळाचे असतात. याला इलाजही नाही. रूळ, सांधे, वळणं, सगळं त्याच मापात जगभर मिळतं, 19.26चे रूळ घालायचे तर प्रत्येक सांधा हाताने बनवावा लागेल. पण नवं मॉडेल हातात आलं की मी अजून डोळा रुळाच्या पातळीला आणून समोरून पाहतो. बाजूने सगळीच मॉडेलं देखणी दिसतात. समोरून पाहिलं की कळतं, बनवणाऱ्याने अरुंद पाय कसे झाकलेत: बोगीच्या बाजूच्या पट्ट्या योग्य जागी बाहेर आणल्यात, की चाकांबरोबर आत ओढून सगळं इंजिनच खांदे पाडल्यासारखं केलंय.

मग काडेपेटी. ती आली घाटातून. कर्जतला गाडी थांबली की मागून बँकर इंजिनं लागायची, लोणावळ्यापर्यंत ढकलायला. भोर घाटाचा चढ 37ला 1. पुढचं इंजिन एकटं पुरत नाही. आबा सांगायचे, बँकरचा ड्रायव्हर चांगला असेल तर मागच्या डब्यात वडा खाणाऱ्याला कळतसुद्धा नाही की गाडीला काही टेकलं. वाईट असेल तर चहा मांडीवर. "तुमच्या इंजिनाचं बघायचं ना, तर ते पळताना बघू नका. पळायला काय, उतारावरून रिकामा डबापण पळतो. ते टेकतं कसं ते बघा."

काडेपेटी पडण्याची कारणं मागाहून एकेक करून कळत गेली. मोटर बेताची असेल तर सुरू होतानाच उडी घेते. गतिचक्र, म्हणजे फ्लायव्हील, नसेल तर रुळावरच्या काळ्या डागावर क्षणभर वीज तुटते आणि इंजिन अडखळतं. सगळ्या चाकांतून वीज घेतली जात नसेल तर सांध्यावर मान टाकतं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास हवं. एक जोडी घट्ट असली की सांध्यावर ठेच लागते आणि काडेपेटी पडते. माझा खेकडा मात्र वेगळ्या कारणाने नापास झाला. दांडे जोडताना मी चाकं काढून पुन्हा बसवली होती. डावीकडची आणि उजवीकडची खीळ एकमेकींशी काटकोनात हवी. माझी मागची जोडी किंचित सरकली होती. त्यामुळे प्रत्येक फेरीत एकदा तो लंगडायचा. आबांनी मोटर काढून ठेवली आणि अंगठ्याने चाक फिरवत म्हणाले, "इथं. बघ, इथं." माझ्या अंगठ्याला ते पंधरा मिनिटांनी कळलं. पुष्कळदा दुरुस्त करू पाहिलं. थोडं सुधारलं, पूर्ण कधीच नाही.

एकदा मी अर्ध्या महिन्याचा पगार घालून जर्मन इंजिन घेतलं, जुनं पण अप्रतिम. आबांना रिव्हेट मोजून दाखवत होतो, पेंटोग्राफची तार किती बारीक, अक्षरं भिंगातून कशी वाचता येतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे इंजिन बोलतंय की तुझे पैसे?" त्या दिवशी मला राग आला होता. इंजिन खरोखर चांगलं होतं, काडेपेटी पाचपैकी पाच वेळा उभी राहिली. पण ती परीक्षा मी त्यांच्या प्रश्नानंतर घेतली, आधी नाही, हे त्यांनी हेरलं होतं.

पुण्याला राहायला आलो तेव्हा आबांना एकदा कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात नेलं. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या, घडवलेल्या गाड्यांचं हे शहर 1998मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मुलं रात्रीच्या दिव्यांकडे बघून ओरडत होती. आबा मान वाकडी करून सिग्नल बघत होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "गाड्या सिग्नलला थांबत होत्या रे." आणि रिक्षात बसेपर्यंत हसत होते.

2006 साली ते गेले. तेराव्याला त्यांच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, मी खोक्याचं झाकण दाखवलं आणि तीन रुपये पुढे केले. तिने झाकण हातात घेतलं, अक्षरावरून बोट फिरवलं आणि पैसे माझ्या खिशात परत घातले. मग आत जाऊन आबांचा चिमटा आणून दिला.

चार वर्षांपूर्वी एका तरुण मुलाने मला विचारलं, नवं भारतीय डिझेल इंजिनाचं मॉडेल आलंय, घेऊ का? बुकिंग करून मी ते आधीच घेतलं होतं. रंग सुरेख, आतून इंजिनाचा खराखुरा आवाज, दिवे. काडेपेटी पाचांत तीनदा पडली होती. मी म्हणालो, "छान आहे, घे." का म्हणालो? इतकी वर्षं आपल्या गाड्यांची मॉडेलं कुणी काढत नव्हतं, आता कुणी काढतंय तर नाउमेद कशाला करा, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं म्हणजे माझे पैसे बोलत होते. चार महिन्यांत त्याच्या इंजिनाचा प्लॅस्टिकचा गिअर आसावर चिरला. चालताना टक टक. त्याने तक्रारीच्या सुरात नाही, काळजीच्या सुरात फोन केला, म्हणून अधिक लागलं. मी त्याला म्हटलं, माझ्याही इंजिनाने टेकताना धक्का दिला होता, तुला सांगितलं नाही. फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "काका, गिअर बदलता येईल का?"

तेव्हापासून तो रविवारी येतो. गिअर आम्ही बदलला. चिमटा त्याच्या हातात होता, मी फक्त "इथं, इथं" म्हणत होतो. गेल्या रविवारी त्याने माळ्यावरून खेकड्याचं खोकं काढलं. खेकडा हॉर्नबीच्या जुन्याच खोक्यात राहतो. रुळावर ठेवला तर तीस वर्षांनंतरही चालला, प्रत्येक फेरीत एकदा लंगडत. मुलगा जमिनीवर आडवा होऊन समोरून बघत होता.

"काका, याचे पाय जवळ वाटतात."

"पावणेतीन मिलिमीटर," मी म्हटलं.

मग त्याने झाकण उलटं केलं. "हे तीन रुपये कुणाचे?"

"सांगतो," म्हटलं. "आधी ती काडेपेटी उभी कर."