संगणकाचा घसारा

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला घसारा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. यंत्र वापरले की झिजते आणि दरवर्षी त्याच्या किमतीतून काही रक्कम वजा टाकावी लागते. पण तेच यंत्र ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवले, तर घसारा कसा धरायचा, हे बी. कॉम.च्या पुस्तकात नव्हते. ते मला आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या संगणकाने शिकवले.

हा संगणक 2017 साली पुण्यात नोकरीला असलेल्या वस्तीतल्याच एका तरुणाने दिला. त्यात इंटेल कंपनीचा आय-फाइव्ह 2500 के हा 2011 साली बाजारात आलेला प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग 3.3 गिगाहर्ट्झ. नावातल्या ‘के’चा अर्थ असा की, मालकाला हा वेग वाढवता येतो. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. देणाऱ्याला संगणकावरील खेळांचा शौक. त्याने व्होल्टेज वाढवून वेग 4.4 वर नेलेला होता. कितीतरी वर्षे तो तसाच बिनतक्रार चालला.

पुढे मात्र काम करता करता पडदा निळा पडू लागला. आधी महिन्यातून एखादे वेळी, मग आठवड्याला, मग रोज.

यात एवढे काय, असे कुणी म्हणेल. बीड जिल्ह्यातल्या माणसाने म्हणू नये. दिवाळीनंतर आपली अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते. मुले मागे राहतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांचा, आणि वडील कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडात. मुलगी फोन लावते, “अण्णा, मेसेज आला का?” तिकडे बाप कोयता खाली ठेवून एकेक आकडा वाचून दाखवतो. नेमका त्याच वेळी पडदा निळा झाला, तर तो ओटीपी वाया. दुसऱ्यांदा फोन लावावा, तर तिकडे रेंज नाही. अर्जाची मुदत तर कुणासाठी थांबत नाही.

कुणी म्हणाले व्हायरस आहे. विंडोज पुन्हा टाकून झाले, फरक नाही. कुणी विजेला दोष दिला. तो अगदीच खोटा नव्हता. परळीचे औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात, तरी विजेचे दुखणे आपल्याला नवे नाही. (2013 च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते.) पण इन्व्हर्टर बसवल्यावरही संगणक बंद पडतच राहिला.

खरे कारण एका फुटकळ बॅटरीने दाखवले. मदरबोर्डवर घड्याळातल्यासारखा गोल सेल असतो. तो संपला, की वीज जाताच तारीख आणि वाढवलेला वेग दोन्ही पुसले जातात, आणि संगणक कारखान्याच्या मूळ वेगावर परत येतो. आमचा सेल संपला तेव्हा पंधरा दिवस मुले रोज सकाळी तारीख दुरुस्त करत होती, कारण चुकीच्या तारखेवर संकेतस्थळे उघडत नाहीत. पण त्या पंधरा दिवसांत संगणक एकदाही बंद पडला नाही! माझ्या भाच्याने नवा सेल टाकला, कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवरून जुना वेग पुन्हा लावला, आणि त्याच संध्याकाळी पडदा निळा.

मग मी कारकुनी हिशेब मांडला. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग 3.3 वरून 4.4, म्हणजे तिसरा हिस्सा वाढ. व्होल्टेज समजा 1.2 वरून 1.35. गुणाकार केला तर उष्णता जवळजवळ 70 टक्के जास्त. तेहतीस टक्के उत्पन्नासाठी सत्तर टक्के खर्च! असा धंदा कोण करील?

हा खर्च उष्णतेवरच थांबत नाही. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने आतले सूक्ष्म ट्रान्झिस्टर व तारा हळूहळू झिजतात. मग तोच वेग राखायला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, आणि ते न मिळाल्यास गणित चुकते. प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट सुकते, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर आटतात. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्याच्या 42 अंशात, हे सगळे लवकर होते. जास्त व्होल्टेजने नवे प्रोसेसरही सुटत नाहीत. इंटेलच्याच 13 व्या आणि 14 व्या पिढीचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर मूळ वेगावर असूनही अस्थिर होऊ लागले. 2024 साली कंपनीने जादा व्होल्टेजचे कारण मान्य केले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. मात्र झालेली झीज सुधारित प्रणाली टाकून भरून येत नाही.

वेग उतरवायचा म्हटल्यावर भाचा नाराज झाला. “मामा, जयंतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ एडिट करायला रात्र जाईल.” मी म्हणालो, “जाऊ दे रात्र. फॉर्म दिवसा भरतात.” त्याने तोंड वाकडे करीत 3.3 लावला, पेस्ट बदलली, जाळीतली धूळ झाडली. मेमरीची तपासणी रात्रभर चालवली, तीत चूक निघाली नाही.

तेव्हापासून अर्ज भरताना निळा पडदा आलेला नाही. दोनदा मात्र संगणक आपोआप बंद होऊन सुरू झाला. भाच्याचा संशय पॉवर सप्लायवर आहे, आणि मला तो पटतो. नव्या पॉवर सप्लायसाठी वर्गणी सुरू आहे. फडावरची मंडळी परतल्यावर उरलेले पैसे जमतील.