अडकलेली गोळी

फौजेत स्टॉपेज ड्रिल शिकवतात. हत्यार अडलं की विचार करत बसायचं नाही. मॅगझिनच्या बुडावर थाप, स्लाईड मागे खेचून सोड, पुन्हा नेम. समोर शत्रू असताना तेच बरोबर. पण मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती दलात, आर्मोरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो आणि निवृत्तीनंतर एका परवानाधारक दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्तीला बसतो. माझ्याकडे येणारं पिस्तूल आधीच मोकळं करून आणलेलं असलं की मला हळहळ वाटते. गोळीचं नाक वर होतं की खाली, स्लाईड बंद व्हायला किती उरली होती, सगळं पुसलं गेलेलं असतं. "मधूनमधून अडकतं हो," एवढंच मालक सांगतो.

अडकलेली गोळी बोलत असते. नाक वर करून चेंबरच्या वरच्या काठावर आपटली असेल, तर मी आधी मॅगझिनचे ओठ बघतो. ते जरा फाकले की गोळी वेळेआधी सुटते. नाक खाली खुपसून रॅम्पवर, म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, रुतली असेल, तर मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे का, गोळ्यांना खालून वर ढकलणारा फॉलोअर तिरका चालतो का, ते तपासायचं. गोळी जवळजवळ पूर्ण आत, पण स्लाईड दोनतीन मिलिमीटर उघडी असेल, तर चेंबरमधली काजळी, ढिली रिकॉइल स्प्रिंग किंवा पुंगळी पकडणारा एक्स्ट्रॅक्टर घट्ट. आणि स्लाईड गोळीच्या वरून रिकामीच पुढे गेली असेल, तर मी मालकाला पिस्तूल कसं धरता ते दाखवायला सांगतो. छोट्या पिस्तुलाची स्लाईड हलकी, तिचा प्रवास तोकडा. मनगट सैल पडलं की ती पुरती मागे जात नाही आणि पुढची गोळी उचलतच नाही.

कानस मात्र मी सहसा हातात घेत नाही. रॅम्प चकचकीत केला की सगळं सुरळीत होतं, असा लोकांचा ठाम समज आहे. पण रॅम्पचा कोन कारखान्यात विचार करून ठेवलेला असतो. एकदा घासलेलं पोलाद परत येत नाही.

मागच्या पावसाळ्यात उसाची शेती करणारे एक आबा आले. पिस्तूल .३२ चं. आपल्याकडे नऊ मिलिमीटर पॅराबेलम प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, म्हणून परवानाधारकाच्या कमरेला बऱ्याचदा .३२ असतं. हे काडतूस जॉन ब्राउनिंगचं, बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी १८९९ च्या सुमारास बनवलेलं. रेंजवर दुसऱ्याच गोळीला पिस्तूल अडलं होतं. आबांनी मॅगझिन बाहेर काढलं, चेंबर रिकामं केलं, आणि मॅगझिनमधल्या गोळ्यांना अजिबात हात न लावता ते तसंच फडक्यात गुंडाळून आणलं. त्यांनी हे का केलं ठाऊक नाही, पण माझं निम्मं काम तिथेच झालं.

तरी सवयीने मी आधी पिस्तूल घेतलं. स्लाईड मागे अडकवली, आत डोकावलं, करंगळीने चेंबर चाचपलं. रिकामं. मग फडकं उलगडलं.

वरची गोळी अंगठ्याने पुढे ढकलली. हलेना. जोर लावला तरी हलेना. भिंग लावून बाजूने पाहिलं आणि उलगडा झाला. या काडतुसाच्या बुडाशी किंचित बाहेर आलेली रिम असते. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढे बसायला हवी. इथे ती मागे उतरली होती. स्लाईड वरचीला पुढे रेटणार, तिची रिम खालचीच्या रिमला अडणार. दोघी एकमेकींना धरून बसलेल्या. असं व्हायला खालची गोळी आधी पुढे सरकायला हवी आणि पुऱ्या लांबीच्या गोळीला तेवढी जागाच नसते.

फॉलोअर दाबून दोन्ही सोडवल्या आणि व्हर्नियर लावला. या काडतुसाची लांबी जास्तीत जास्त २५ मिलिमीटर. वरची जवळपास तेवढी भरली. खालची दीड मिलिमीटरने आखूड.

"आबा, रात्री गोळी चेंबरमध्ये चढवून ठेवता का?"

"व्हय. रोज. आन् सकाळी काढून परत मॅगझिनमधी."

"तीच?"

"तीच की. कितीतरी वर्षं."

दर रात्री तिचं नाक रॅम्पवर आपटत होतं आणि दर रात्री शिसं पितळेच्या पुंगळीत केसभर आत जात होतं. मग कधीतरी आबांनी पुसायला सगळ्या गोळ्या काढल्या, पुन्हा भरताना ती मधे गेली, पुढे सरकली, वरची तिच्यामागे उतरली. अडली ते बरंच झालं. आत दबलेल्या गोळीत दारूला जागा कमी उरते, झडताना दाब वाढतो. ती सुटली असती तर काय झालं असतं, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

आबांनी व्हर्नियर मागितला. कसा धरायचा ते दाखवलं. खडबडीत, चिरा पडलेल्या बोटांनी त्यांनी दोन्ही गोळ्या आलटून पालटून मोजल्या, दोनदा.

"म्हंजे मीच ढकलत व्हतो तिला आत."

मी मान हलवली. ती गोळी वेगळ्या पुडीत बांधली, वर 'वापरू नये' लिहिलं. परवान्याच्या हिशोबातली वस्तू, ती त्यांची त्यांनी दाखल करायची. मग मॅगझिन धुतलं, ओठ मोजले, स्प्रिंग तपासली. सगळं जागेवर होतं. सात डमी राऊंड काढले आणि आबांसमोर ठेवले. भरताना प्रत्येक रिम आधीच्या रिमच्या पुढे बसते का ते बघून भरायला सांगितलं. त्यांनी एकेक डोळ्यांजवळ नेऊन भरला, वेळ लागला, मीही घाई केली नाही. मग ते स्लाईड ओढू लागले. सातही डमी एकामागोमाग बाकावर पडले.