परसांतलें सफरचंद

राळेगांवीं आमच्या परसांत सफरचंदाचें झाड आहे, असें सांगितलें कीं ऐकणारा आधीं हंसतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. हा मुलूख कपाशीचा. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जाणारा. तीर्थरूपांनीं शाळेंतून निवृत्त झाल्यावर दोन कलमें आणून लावलीं, तेव्हां आम्हीही हंसलों होतों. तें हंसणें आज आम्हांस बोंचतें.

सफरचंदाच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यांतच फांदीवर आकार घेतात. पानें गळलीं कीं त्या निजतात, आणि पुरेशी थंडी अंगावरून गेल्यावांचून जाग्या होत नाहींत. काश्मीर-हिमाचलांतील जुन्या जातींस ७ अंशांखालची थंडी हजाराच्या आसपास तास लागते. तीर्थरूपांनीं आणलेली 'ॲना' ही इस्राएलांत निपजलेली जात दोनतीनशें तासांवर भागवून घेते. पण आमच्याकडे तेवढी तरी थंडी कोठली? क्वचित् एखाद्या पहांटेपुरती!

यावर तोड त्यांस आमच्याच भागांतील संत्र्यांच्या बागांत दिसली. आंबिया बहारासाठीं बागाईतदार हिंवाळ्यांत पाणी तोडून झाडांस ताण देतात, हें त्यांनीं जन्मभर पाहिलें होतें. शिवाय जावा बेटावर बातू गांवीं, जेथें हिंवाळा म्हणून नाहींच, सफरचंदाचीं पानें हातांनीं खुडून झाड फुलवितात, असें त्यांच्या वाचनांत आलें. पौषांत त्यांनीं पाणी बंद केलें व उरलेलीं पानें स्वतः खुडलीं.

"अहो, जितें झाड असें ओरबाडूं नये," मातोश्री म्हणाल्या.

"निजल्याशिवाय उठायचें कसें त्यानें?"

माघअखेर झाड फुललें. गुलाबी कळ्या, उमलल्यावर पांढरीं फुलें, मधमाशाही आल्या. फळ मात्र एकही धरलें नाहीं. सफरचंदाच्या फुलास बहुधा स्वतःच्या जातीचा पराग चालत नाहीं. सगोत्र विवाहाचा आपल्याकडील निषेधही इतका कडक नसेल! दुसरें कलम, 'डॉर्सेट गोल्डन', याच सोयरिकीसाठीं दिलेलें होतें. पण विकणाऱ्यानें तसें सांगितलें नव्हतें, आणि तें आदल्याच उन्हाळ्यांत वाळून गेलें होतें.

पुढील पावसाळ्यांत तीर्थरूप गेले.

मग झाड तोडण्याची गोष्ट निघाली. धाकट्या बंधूंस तेथें मोटारीसाठीं छप्पर हवें होतें, आणि त्यांचें म्हणणें चुकीचें नव्हतें. आम्हीं एक हिंवाळा मागून घेतला. डॉर्सेटच्या चार काड्या मिळवून त्याच झाडाच्या एका फांदीवर कलमें बांधलीं, एक जगलें. मागितला एक हिंवाळा, लागले तीन. मोटार अजून निंबाखालींच उभी असते.

यंदा दोन्ही फुलोरे एकदम आले, आणि ज्येष्ठांत पांच फळें उतरलीं. लहान, पिवळट हिरवीं. आमच्या उष्ण रात्रीं तांबडा रंग चढूं देत नाहींत. घरांतील चौदा माणसांस मातोश्रींनीं फोडी वांटल्या. आपली फोड त्यांनीं सर्वांमागून खाल्ली.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानें विचारलें, "पाणी केव्हां तोडायचें रे यंदा?"